तुमचं दुसरं तेरावं

अहो, काल तुमचं तेरावं झालं. दुसऱ्यांदा.

हसलात ना? मला ठाऊक होतं, हसाल. गुरुजींनाही आधी हसू आवरेना आणि मग रडू आवरेना. तेच आपले कोपरीचे गुरुजी, आता पार वाकलेत, डोंबिवलीपर्यंत यायचं म्हणजे त्यांना दिवस जातो. पहिल्या खेपेला पळसाच्या पानांचा तुमचा पुतळा त्यांनीच केला होता, डोक्याच्या जागी नारळ ठेवून. काल हात धुताना मला म्हणाले, "सूनबाई, त्या वेळी मंत्र म्हणताना माझी जीभ सारखी अडखळत होती. या वेळी पोराने अडखळायला जागाच ठेवली नाही." मी म्हटलं, "गुरुजी, लाडू घ्या अजून एक."

लाडू चांगले झाले होते. हे मुद्दाम सांगतेय. पहिल्या वेळचे बिघडले होते असं तुम्ही परत आल्यावर कुणाच्या तरी तोंडून ऐकलंत आणि तेव्हापासून मला छळलंत. "माझ्या तेराव्याला रेशनचा रवा वापरला या लोकांनी!" असं भर पाहुण्यांत म्हणायचात. पाहुण्यांना कळायचं नाही, हसावं की गप्प बसावं. मी आपली चहा ओतत राहायचे.

लोक येऊन जातायत. विमान चालवायचे, शूर होते, देशासाठी कैद भोगली, असं म्हणतात आणि मी मान डोलावते. आपल्या नीलाला जवळ घेतात. सात वर्षांची पोर, तिला एवढे पेढे आणि एवढे मुके कधी मिळाले नव्हते, तीही भांबावलीय. पण मला आज तुमच्या शौर्याचं काही बोलायचं नाही. आपला एक वाद अर्धा राहिलाय, तो मिटवायला बसलेय. 'तू मला दयेपोटी हो म्हणालीस,' हा तुमचा वाद. जेवताना, भांडताना, विहिरीवर पाणी शेंदताना, कधीही उकरून काढायचात. मी म्हणायचे, "डोळे फुटलेत का तुमचे? दिसत नाही?" हे उत्तर मला पुरेसं वाटायचं. तुम्हाला ते कधी पुरलं नाही.

मग पहिल्यापासूनच सांगते. मध्ये बोलू नका.

पहिलं लग्न आपलं झालं ते देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. त्याला लग्न म्हणायचं तर म्हणा. माई आणि अण्णा कल्याणला आमच्याकडे मला बघायला आले. तुमच्या माईंनी मला सुईत दोरा ओवायला लावला, वाचायला लावलं, आणि मग म्हणाल्या, "चालून दाखव बाळ." मी दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत चालले. पायात दोष नाही याची खात्री झाली. तुम्ही त्या वेळी कुठल्या तरी छावणीत होतात, तुमचा नुसता फोटो आला होता, टोपी घातलेला, काळा चष्मा लावलेला. तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर, आणि तेही मुंडावळ्यांतून. मग रजेपुरता संसार. ठाण्याला कोपरीच्या घरात माणसं ही एवढी, दिवसा तुमच्यासमोर यायची सोय नाही, रात्री कंदील बारीक केलेला. मी तुमच्याकडे नीट मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात तुम्हाला बोलावणं आलं आणि तुम्ही काश्मीरच्या लढाईवर गेलात.

थंडी सरता सरता तार आली. बेपत्ता, बहुधा मरण पावले. नंतर कळलं की विमान पेट घेऊन डोंगरामागे जाताना कुणीतरी पाहिलं होतं. अण्णा तार हातात धरून ओटीवर बसून राहिले. माईंनी त्या दिवशी रडून घेतलं आणि मग त्यांना स्वप्नं पडायला लागली. रोज तेच स्वप्न. तुम्ही मागच्या दारी उभे आहात आणि म्हणताय, "माई, भूक लागलीय." त्या उठून खरंच मागचं दार उघडायच्या. शेवटी त्यांनी धोशा लावला की, पोराचं क्रियाकर्म झालेलं नाही, तो उपाशी हिंडतोय, त्याला पाणी द्या, त्याला जेवू घाला. गुरुजी म्हणत होते, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. अण्णा म्हणाले, "ती बारा वर्षं ही बाई जगणार नाही." म्हणून तो पळसाच्या पानांचा पुतळा. म्हणून ते लाडू. तुम्हाला जिवंतपणी मारलं ते कुणी दुष्टपणाने नाही हो, तुमचं पोट भरावं म्हणून.

माझं काय झालं ते तुम्हाला कुमुदने सांगितलंच होतं. तुमची बहीण, लहान होती, पण सगळं बघत होती. माझं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, मंगळसूत्र माईंनी फडक्यात बांधून ठेवून दिलं. आणि एक दिवस माजघरातून मला ऐकू येईल इतपत आवाजात म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची निघाली." चालून दाखवलं होतं त्याच पायांबद्दल! माझे वडील त्या आठवड्यात आले आणि मला कल्याणला घेऊन गेले. कुणाशी भांडले नाहीत, नुसतं म्हणाले, "थोडे दिवस नेतो." मग मला शिक्षिकेच्या वर्गाला घातलं. मी कल्याणला मुलींना शिकवायला लागले. सांगायला हरकत नाही, मला ते आवडत होतं. फळ्यावर लिहिलं की बोटं पांढरी व्हायची, आणि घरी येताना कुणी विचारायचं नाही की मी कोण आणि कुणाची.

आणि तुम्ही आलात.

कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा तुमचं नाव निघालं. ठाण्याला तार आली आणि माई म्हणे मागच्या दाराशी धावल्या, पुढच्या नाही. सगळी कोपरी स्टेशनावर लोटली होती. टेंभी नाक्यावर अण्णांनी दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवली. तुम्ही काठी टेकत घरात शिरलात, भिंतीवर स्वतःचा हार घातलेला फोटो बघितलात आणि म्हणालात, "हे कोण? बरे दिसतात." हे सगळं मला कुमुदने सांगितलं. मी कल्याणला होते. मला कुणी बोलावलं नव्हतं.

बोलावणार तरी कसं? घरात पेच पडला होता. ज्याची क्रिया केली तो परत आला तर त्याला पुन्हा जन्माला यावं लागतं, असं गुरुजींनी पोथीत बघून सांगितलं. तुपाच्या घड्यात बुडवून वर काढायचं, मग बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. रेशनच्या दिवसांत एवढं तूप कुठलं आणायचं? गुरुजींनी तुमच्या डोक्यावर पळीभर तूप घातलं आणि 'बुडाला' म्हणून मोकळे झाले. दात नसलेल्या आत्याबाईंनी तुमच्या कानात कुर्र केलं. तुम्ही सहा फूट, गुडघा दुमडत नाही म्हणून पाय लांब करून पाटावर बसलेले, आणि बायका पाळणा म्हणतायत. कुमुद सांगताना हसून हसून लोळायची. पण मुंजीच्या जेवणाचं सांगताना ती थांबायची. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात ना, ते. माईंनी वालाच्या बिरड्याचा पहिला घास तुमच्या तोंडात घातला आणि तुम्ही तो गिळेचनात. तोंडात धरून बसून राहिलात, डोळ्यांतून पाणी चाललेलं.

का, ते तुम्ही मला किती तरी वर्षांनी सांगितलंत, इथे डोंबिवलीत, वाल सोलताना. कैदेतल्या त्या दगडी खोलीत मक्याची एक भाकरी मिळायची. खिडकी छताजवळ. वेड लागू नये म्हणून तुम्ही रोज मनातल्या मनात स्वयंपाक करायचात. आमटी लवकर संपायची, भात तर लगेच. बिरडं मात्र पुरायचं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक डाळिंबी सोलायची. "तीन दिवस सहज जायचे," म्हणालात. मी सोललेले वाल तसेच टाकून आत गेले आणि उगाच डबे आवरत बसले. माई इकडे दार उघडून बघत होत्या आणि तुम्ही तिकडे त्यांचंच बिरडं शिजवत होतात. मग चूक कुणाची म्हणायची?

असो. बारसं झालं, मुंज झाली, आणि गुरुजी म्हणाले, "आता लग्न. तेही पुन्हा लावावं लागेल. पहिल्याच बायकोशी लावावं, किंवा दुसरी करायची असली तरी शास्त्राची ना नाही." माई एकदम सावरून बसल्या. तुम्ही विचारलंत, "मला दुसरीची मुभा. आणि तिला?"

गुरुजी म्हणाले, "तिला कसली मुभा?"

"माझं लग्न सुटलं तर तिचंही सुटलं. मग तिला विचारायला नको?"

अण्णा म्हणाले, "विचारायचं काय त्यात? बायको आहे तुझी."

"होती. मी मेलो ना, अण्णा."

हेही मला कुमुदनेच सांगितलं. माई म्हणाल्या, कैदेत डोक्यावर परिणाम झाला पोराच्या. आणि तुम्ही रविवारची दुपार बघून, काठी टेकत, एकटे कल्याणला आलात. स्टेशनावरून टांगा केलात. आमच्या ओसरीवर उभं राहून माझ्या वडिलांना म्हणालात, "मुलगा दाखवायला आणलाय. मुलीला वेळ आहे का?"

माझ्या आईला घेरी यायची बाकी होती. वडील मात्र, काय सांगू, त्यांना मजा वाटली. त्यांनी मला बाहेर बोलावून चक्क खुर्चीवर बसवलं. तुम्हाला पाट दिला, तुम्हाला त्यावर बसता येईना, मग स्टूल आणलं. पोहे आईने केले, पण ताटली माझ्या हातात द्यायला तुम्ही उठलात. मी तुमच्याकडे बघितलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. हार घातला, काढला, मंगळसूत्र बांधलं, सोडलं, पांढऱ्या पायाची म्हणाले, आणि आता हे आलेत दाखवून घ्यायला! मी म्हटलं, "चालून दाखवा."

आई म्हणाली, "अगं ए!"

तुम्ही काठी भिंतीला लावून ठेवलीत. काठी न घेता दारापासून भिंतीपर्यंत चाललात आणि भिंतीपासून दारापर्यंत. वाकडा बसलेला गुडघा, प्रत्येक पावलाला खांदा खाली जायचा. पोहे तसेच राहिले. घाम आलेला, तो तुम्ही बाहीने पुसलात आणि बसलात. म्हणालात, "दोष आहे. लपवत नाही. विमान आता चालवू देणार नाहीत."

मला याचं अजिबात वाईट वाटत नाही, आजही नाही. माईंनी मला चालवलं तेव्हा कुणाला वाटलं होतं? पण तुमच्या मनात पक्कं बसलं की हिने मला लंगडताना बघितलं आणि हिला दया आली. तिथेच तुमची चूक झाली. कारण 'हो' त्या चालण्याने आलं नाही, त्यानंतर तुम्ही जे बोललात त्याने आलं. ते तुम्ही साफ विसरलात, किंवा तुम्हाला ते लाजिरवाणं वाटत असेल.

मी विचारलं होतं, "तिकडे माझी आठवण यायची का?" टोचायलाच विचारलं होतं. तुम्ही खाली बघत म्हणालात, "आठवण रोज यायची. पण तुझा चेहरा येत नव्हता. खूप प्रयत्न केला. कंदील यायचा, तुझ्या हातातला तांब्या यायचा, चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. आठवेचना. म्हणून बघायला आलो."

मी उठून आत गेले. आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की थोड्या वेळाने मी बाहेर आले आणि म्हटलं, "हो. पण शिकवणं सोडणार नाही आणि कोपरीला राहणार नाही." तुम्ही लगेच मान्य केलंत. इतक्या लगेच की, माझ्या मनात आलं, अजून काहीतरी मागायला हवं होतं.

मग हे डोंबिवलीचं घर. भोवती भातखाचरं, दिवे नाहीत, पावसाळ्यात स्टेशनापासून चिखल तुडवत यायचं, आणि साप तर इतके की नीला त्यांना नावं द्यायची. तुम्हाला कारखान्यात नोकरी लागली, मी शाळेत. तुम्हाला कडी लावलेलं दार चालायचं नाही, म्हणून आपलं दार कायम सताड उघडं. एकदा मांजर आलं, एकदा शेजाऱ्यांची म्हैस आत येऊन उभी राहिली. मी बोंबलले. तुम्ही म्हणालात, "तिलाही बंद खोली आवडत नसेल." रागवावं तरी कसं तुमच्यावर?

रागवायचे ते पंधरा ऑगस्टला. शाळेत तुम्हाला भाषणाला बोलवायचे आणि तुम्ही मुलांना ढगांचे प्रकार सांगायचात. पोरं जांभया द्यायची. घरी आल्यावर मी म्हणायचे, "ते गाठोड्याचं सांगायला काय होतं?" तुम्ही म्हणायचात, "सांगितलं की मोठं होतं. होतं तेवढंच बरं."

मला तरी कुठे तुम्ही सांगितलं होतंत? मला ते फौजेतल्या साताऱ्याकडच्या हवालदारांनी सांगितलं. आठवतात ना, भुईमुगाच्या शेंगांचं पोतं खांद्यावर घेऊन घर विचारत विचारत आले होते. तुम्ही कामावर होतात. त्यांच्या चौकीभोवती शत्रूचा वेढा, आत जखमी माणसं, पट्ट्या संपलेल्या, औषध संपलेलं. तुम्ही दोनदा गाठोडं टाकलंत, दोन्ही वेळा भिंतीच्या बाहेर पडलं. तिसऱ्यांदा आलात. ते म्हणाले, "वैनी, इमान इतकं खाली आलं का सायबांचं तोंड दिसलं मला. आमी वरडत हुतो, वर जा, वर जा. गोळ्या लागत हुत्या. त्यांनी गठुडं टाकलं, बरुबर मदोमद, आन् मंगच वळलं. आजून दिसतंय ते तोंड." त्यांच्या पायाला तेव्हा सडका वास यायला लागला होता, म्हणाले. दोन्ही पायांवर चालत आले होते माझ्या दारात. मी त्यांना वाढलं, पाणी दिलं, आणि खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना तुमचा चेहरा लक्षात होता.

तुम्ही आलात तर दोघं शेतीवर बोलत बसलात. पावसावर. गाठोड्याचं नावही नाही!

त्या कैदेतला गारठा तुमच्या छातीतून कधी गेलाच नाही. दर थंडीत खोकला, या थंडीत तो थांबलाच नाही. ठाण्याच्या दवाखान्यात त्या दुपारी तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "आता तरी खरं सांग. दया आली होती ना?" मी म्हटलं, "आधी पेज घ्या, मग सांगते." दोन चमचे घेतलेत, माझ्या समाधानासाठी, आणि कुशीवर वळलात. अहो, मी 'मग सांगते' म्हटलं होतं. थांबायचं होतंत ना! एवढी घाई कसली होती?

तर आता ऐका. मी आत गेले तेव्हा आई चुलीशी उभी होती. म्हणाली, "निदान खोटं तरी बोलायचं होतं मेल्याने." आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. कारण मलाही तुमचा चेहरा आठवत नव्हता. त्या सगळ्या काळात एकदाही नाही. घरात सगळे रडायचे म्हणून मी फोटोकडे बघून रडायचे, पण टोपी आणि काळ्या चष्म्यातला तो माणूस मला ओळखीचा नव्हता. मी विधवा झाले होते, आणि कुणाची झाले होते तेच मला दिसत नव्हतं. हे बोलणार कुणाशी? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी वाईट आहे, आपल्याला काळीजच नाही. आणि तुम्ही आलात, आणि माझ्या वडिलांसमोर, पोह्यांसमोर, तेच बोलून मोकळे झालात. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला हो. जी गोष्ट मी स्वतःशी बोलायला घाबरत होते ती बोलणारा माणूस बाहेर स्टुलावर बसला होता. त्याला मी हो म्हणाले. दया कसली आलीय डोंबलाची! मला तुम्ही आवडलात. त्या क्षणी, तिथे, इतके आवडलात की बाहेर येऊन तोंडातून शब्द फुटेना, म्हणून अटी घातल्या.

झालं. मिटला वाद.

सकाळी नीला विचारत होती, बाबांचा कुठला फोटो लावायचा. म्हटलं, तुला आवडेल तो लाव, मला लागत नाही. मला दाढी करताना गाल फुगवलेले तुम्ही दिसता. म्हशीला घालवताना तिची माफी मागणारे दिसता. पेजेचा चमचा जवळ आला की नाक मुरडणारे दिसता, उजव्या भुवईतला तो तुटका केस, हसण्याआधी खालचा ओठ जरासा वाकडा. भांडी घासते, दिसता. फळ्याकडे वळते, दिसता. काल पाहुण्यांसमोर बसले होते आणि रडू आलं, तेव्हा माई जवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रड बाळ." मी रडले. पोटभर रडले. या वेळी मी कुणासाठी रडतेय ते मला नीट दिसत होतं.